आठ बाय दहात खिडकी

स्वतःच्या घरामागच्या शेडमध्ये, स्वतः राबून घेतलेला पाना हातात यावा म्हणून खिडकीशी रांग लावावी लागेल, आणि त्या रांगेत आपण एकटेच असू, असं फिटरला कुणी महिन्यापूर्वी सांगितलं असतं तर तो पोट धरून हसला असता. आता त्याला हसू येत नव्हतं.

"बारा-तेराचा द्या," तो म्हणाला.

जाळीच्या खिडकीपलीकडून त्याचे वडील चष्म्यावरून बघत होते. घरदार आणि सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची. "टोकन?"

"नाना, मी आहे."

"दिसतोयस की. टोकन?"

फिटरने खिसा चाचपला. पत्र्याचे पाच गोल तुकडे, प्रत्येकावर खिळ्याने ठोकून काढलेला आकडा, एक. कामगार एकच, म्हणून त्याचा नंबर एक. त्याने एक तुकडा फळीवर आपटला. नानांनी तो शांतपणे उचलला, पान्याच्या रिकाम्या खिळ्याला अडकवला आणि पाना दोन्ही हातांनी पुढे केला. "काम झालं की पुसून दे. तेलकट पाना मी घेत नाही."

चूक कुणाची म्हणाल, तर फिटरचीच. शेठच्या मोठ्या गॅरेजात तो दहाएक वर्षं खपला. लोकांच्या दुचाक्या उघडून जोडून बोटांच्या रेषांत काळं तेल कायमचं मुरलं. शेवटी एके दिवशी शेठने गिऱ्हाइकादेखत तोंडसुख घेतलं आणि हा अंगावरचा डगला खुंटीला लावून बाहेर पडला. शेठ मागून ओरडला, "महिनाभरात परत येशील! पाना धरता येतो म्हणून गॅरेज चालवता येत नाही!" हे वाक्य फिटरच्या कानात बुटातल्या खड्यासारखं बसलं होतं. चालताना टोचायचं, काढता येत नव्हतं.

घरामागे आठ फूट बाय दहा फुटांची पत्र्याची शेड होती. तिच्यात काय नव्हतं? तीन पायांचं टेबल, बाळाची मोडकी ढकलगाडी, वाळून दगड झालेले रंगाचे डबे, कुठल्याच सायकलला न बसणारं चाक, आणि उंदरांनी काठाला नक्षी काढावी तसा कुरतडलेला गालिचा. ते उपसायला आईची परवानगी लागली. ती वस्तूगणिक दारात आडवी.

"असू दे ते. लागेल कधीतरी."

"कधी लागेल, आई?"

"टाकल्यावर लागेल!"

आता या वाक्यापुढे कोण काय बोलणार? अर्धी अडगळ आईच्या पलंगाखाली गेली, अर्धी तिची पाठ वळताच भंगारात. मग फिटरने पत्र्याची भोकं बुजवली, जमिनीला सिमेंटचा हात फिरवला, पुढचं दार रुंद केलं. लहान जागेत बसायचं तर प्रत्येक वस्तूने अंग चोरायला शिकलं पाहिजे. म्हणून कामाचं टेबल बिजागऱ्यांवर घेतलं. नको तेव्हा ते भिंतीला पाठ लावून उभं राही. दिवा सरकत्या तारेवर लावला. चाकं छतातल्या आकड्यांना टांगायची सोय केली. गाडी उलटीच आत घ्यायची, म्हणजे टेबल निदान अर्धं तरी खाली येईल, हेही ठरलं. कागदावर सगळं देवाच्या दयेने बसत होतं.

नाना तेव्हा निवृत्त होऊन बसले होते. बसले होते म्हणजे खरोखरच बसले होते. सकाळी वर्तमानपत्राची घडी उलगडायची, वाचायचं, पुन्हा जशीच्या तशी घडी घालायची, आणि मग दिवसभर त्या घडीकडे बघायचं. आई म्हणायची, "तीस वर्षं यांना कारखान्याने सांभाळलं, आता माझी पाळी आलीय. स्वयंपाकघरात येऊन डबे उंचीप्रमाणे लावतात. मीठ शोधायला मला शिडी लागली काल."

फिटरला दया आली. दया ही चांगलीच गोष्ट, पण ती करताना जिभेला लगाम हवा. दोन दिवस परगावी लाकूड आणायला निघताना तो सहज बोलून गेला, "नाना, हत्यारं तेवढी तुम्ही लावा. तुमच्या पद्धतीने."

नाना तीस वर्षं कारखान्याच्या टूल-स्टोअरला होते. तिथे जाळी होती, जाळीला खिडकी होती, आणि खिडकीतून शेकडो कामगारांचे हात आत यायचे. चेहरे नानांना आठवत नसत, हात आठवत. टोकन द्यायचं, हत्यार घ्यायचं. हत्यार द्यायचं, टोकन घ्यायचं. संध्याकाळी एक जरी खिळा रिकामा राहिला तरी गेट उघडायचं नाही. त्यांची पद्धत ही एवढीच, आणि ती फिटरला ठाऊक होती. ठाऊक असूनही तो बोलला, म्हणून म्हटलं, चूक त्याचीच.

तो फळ्या खांद्यावर घेऊन परत आला तर शेडचा मागचा तिसरा हिस्सा जाळीच्या मागे गेलेला. मधोमध खिडकी, खिडकीला फळी. बाजूच्या छोट्या दाराने नानांनी आपली स्वतंत्र ये-जा ठेवलेली. आत प्रत्येक पाना आपापल्या खिळ्यावर आकाराप्रमाणे टांगलेला, पाठीमागे रंगाने त्याची सावली काढलेली. देखणं होतं, यात वाद नाही. पण आठ बाय दहातून तो हिस्सा गेला म्हणजे उरलं काय? गाडी आत घेतली की फिटरने पोट आत घ्यायचं!

"नाना, इथे एकच माणूस काम करणार आहे."

"म्हणूनच काळजी घ्यायला हवी. शंभर माणसं असली की एक विसरला तरी नव्याण्णव शोधतात."

यावर त्याला उत्तर सुचलं नाही. पुढे पंधरवडाभर रोज सुचलं, पण खिडकीशी पोचेपर्यंत नाना म्हणत, "टोकन?" आणि सुचलेलं पळून जाई. टोकनं पाच, म्हणजे एका वेळी हत्यारं पाच. सहावं हवं तर आधी एक परत. दुपारी नानांच्या जेवणाची सुट्टी. खिडकीला कुलूप, किल्ली कमरेला, आणि कमर पलंगावर. नट अर्धा सुटलेला असायचा आणि फिटर अंगणात उभा राहून घोरणं ऐकायचा. भीक नको पण कुत्रा आवर, अशी त्याची गत झाली. शेजारपाजारच्या सायकली आणि एक गवत कापायचं यंत्र, एवढ्यावर दिवस चालले होते. खरं गिऱ्हाईक अजून आलं नव्हतं.

ते शनिवारी आलं. आली म्हणायला हवं. घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांची मलमपट्टी करणारी परिचारिका. सगळे तिला सिस्टर म्हणत. स्कूटर ढकलत आणून तिने शेडच्या दारात उभी केली आणि घाम पुसला.

"बेल्ट गेलाय बहुतेक. शेठकडे गेले होते, ते म्हणतात बुधवार उजाडेल. मला सोमवारी पहाटे निघायचंय. आठ घरं आहेत, दोन तर गावाबाहेर. तुम्ही शेठकडे होतात ना? हात चांगला आहे म्हणतात तुमचा."

शेठकडून परत आलेलं गिऱ्हाईक! फिटरच्या छातीत पहिल्यांदा काहीतरी सरळ उभं राहिलं. "उद्या संध्याकाळी घेऊन जा," तो म्हणाला.

"नक्की? नाहीतर मी दुसरं काही बघते. माझी माणसं वाट बघत पडलेली असतात हो, त्यांना कूस बदलायलाही मी लागते."

"नक्की म्हणजे नक्की."

खिडकीतून आवाज आला, "गाडी आत घेण्याआधी टायरची माती पुसा."

रविवारी त्याने सकाळपासून अंग मोडून काम केलं. डावीकडचं लांबलचक कव्हर उतरवलं. त्याचे सगळे बोल्ट दहा नंबरचे. बेल्टचे तुकडे आत चिंध्यांसारखे पसरलेले. ते वेचले, रोलर धुतले, नवा बेल्ट चढवला. तोवर खिडकीशी इतक्या खेपा झाल्या की एवढं चालला असता तर गाव ओलांडून गेला असता. एकदा पाय अडकून तो ग्रीसच्या डब्यावर बसला. एकदा पक्कड परत करायला गेला तर नाना म्हणाले, "हिच्या दातांत काहीतरी आहे," आणि ब्रशने तिचे दात घासत बसले. इकडे गाडीचं सुटं झाकण काखेत धरून फिटर दात खात उभा. शेवटी कव्हर बसलं, बोल्ट आवळले गेले, आणि गाडी एका बटणात सुरू झाली. त्याने हत्यारं मूठभर गोळा करून फळीवर ठेवली, टोकनंही एकदमच मागून खिशात टाकली. नाना पुसत बसले आणि तो हात धुवायला गेला.

ऊन उतरताना सिस्टर आली. खांद्यावर पिशवी, हातात हेल्मेट. गाडी सुरू झालेली ऐकून तिचा चेहरा फुलला. फिटर गाडी बाहेर काढणार, तेवढ्यात नाना बाजूच्या दाराने बाहेर आले आणि गाडीपुढे हात आडवा करून उभे राहिले.

"दहाचा पाना नाही."

"म्हणजे?"

"खिळा रिकामा आहे. टोकनही नाही, पानाही नाही. गाडी जाणार नाही."

फिटरने आधी हळू आवाजात सांगून पाहिलं. "नाना, मी परत केलाय. कव्हर लावून झाल्यावर सगळी हत्यारं दिली तुम्हाला."

"मूठभर दिलीस, टोकनंही मूठभर नेलीस. मोजून दिलीस का?"

मोजली नव्हती. आणि इथे पंधरा दिवसांचं साचलेलं धरण फुटलं.

"हा कारखाना नाही, नाना! आठ बाय दहाची खोली आहे! इथे शिंक आली तर बाहेर जाऊन द्यावी लागते मला! माझी हत्यारं, माझी शेड, आणि मी भिकाऱ्यासारखा खिडकीत हात पसरतो! आज पहिलं गिऱ्हाईक आलंय, तेही तुम्ही घालवा! म्हणजे शेठच्या पाया पडायला मी मोकळा!"

नानांचा हात हलला नाही. "गिऱ्हाईक गेलं तर परत येईल. पाना आत राहिला आणि चाक जाम झालं, तर बाई परत येईल का?"

"अहो, मी इथेच उभी आहे," सिस्टर म्हणाली.

फिटरला शंभर टक्के खात्री होती की पाना आत नाही. मग त्याने मनाशी विचारलं, शंभर टक्के? बोल्ट आवळताना तो पाना त्याने तीनदा पायदानाखालच्या खाचेत ठेवला होता. दोनदा उचलल्याचं आठवत होतं. तिसऱ्यांदा? नव्याण्णव टक्के तर नक्की. पण उरलेल्या एका टक्क्यावर ही बाई पहाटे गावाबाहेरच्या रस्त्याला लागणार होती, आणि तिची वाट बघत कुणीतरी कूस बदलायला थांबलेलं असणार होतं. देवाने माणसाला आठवण दिली, पण तिच्यावर हमी लिहून दिली नाही.

"सिस्टर, थोडं थांबाल?" तो म्हणाला.

"थोडं म्हणजे किती? अंधाराआधी मला एका आजींकडे जायचंय."

"उघडून बघतो. लगेच."

गाडी पुन्हा आत, टेबल पुन्हा अर्धं. आणि मग त्याच्या लक्षात आलं की कव्हर उघडायला दहाचाच पाना लागतो, आणि हरवलाय तो दहाचाच. त्याने कपाळ गाडीच्या सीटवर टेकवलं.

"गोटी पाना आहे दहाचा," खिडकीतून आवाज आला. मग जरा थांबून, "टोकन?"

फिटरने पाचही टोकनं खिशातून काढून जाळीवर भिरकावली. ती छणछणत चारी कोपऱ्यांत गेली. नानांनी बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखा बसणारा तो गोटी पाना फळीवर ठेवला.

बोल्ट सुटले, कव्हर उतरलं. बेल्ट नव्या नवरीसारखा कोरा करकरीत, पण पाना नाही. पायदान उचकटलं, खाचेत बॅटरी मारली, नाही. जमिनीवर आडवा होऊन गाडीच्या पोटाखाली बघितलं. तिथे सकाळपासून हरवलेलं त्याचं फडकं सापडलं, पाना नाही. सिस्टरही पदर खोचून, म्हणजे ओढणी कमरेला बांधून, टेबलाखाली वाकली. नाना आपल्या बाजूला खिळे पुन्हा पुन्हा मोजत होते.

आई चहा घेऊन आली ती या गोंधळात. "काय चाललंय? सगळे लोटांगण का घालताय?"

"दहाचा पाना हरवलाय," फिटर जमिनीवरूनच म्हणाला.

"तो छोटा? दोन्हीकडे तोंड असलेला? तो माझ्याकडे आहे की."

खिळे मोजणारं नानांचं बोट मधल्याच खिळ्यावर अडलं.

"कपडे वाळत घालायच्या स्टँडचा नट ढिला झाला होता. तू हात धूत होतास तेव्हा यांनीच दिला मला. तिथेच स्टँडवर अडकवलाय, आणते."

फिटर उठून बसला. "आणि टोकन?"

"मला कसलं टोकन मागतात!" आई म्हणाली. "मागून तर बघू देत. चहा बंद होईल, ठाऊक आहे त्यांना."

फिटरने खिडकीकडे बघितलं. आता त्याची पाळी होती. बोलायला इतकं होतं की कुठून सुरू करावं कळेना. तोंडात एकाच वेळी दहा वाक्यं धक्काबुक्की करत होती. पण नानांचा चेहरा बघून त्यातलं एकही बाहेर पडलं नाही. नाना रिकाम्या खिळ्याकडे बघत होते.

"दिला," ते म्हणाले. "आणि लगेच विसरलो. तीस वर्षांत बिनटोकनाचं एक हत्यार माझ्या हातून गेलं नव्हतं." त्यांनी कमरेची किल्ली सोडली, फळीवर ठेवली. "उद्या ही जाळी काढून टाक. तुला जागा होईल."

हे वाक्य ऐकायला फिटर पंधरवडाभर तळमळत होता. ते आलं, पण भूक मेल्यावर ताट यावं तसं आलं. नाना बाजूच्या दाराने अंगणात उतरले आणि घराकडे चालू लागले, वर्तमानपत्राच्या घडीकडे.

इकडे कव्हर अजून जमिनीवर होतं. सिस्टर एकदा आकाशाकडे, एकदा हातातल्या घड्याळाकडे बघत होती. कव्हर मोठं, त्याच्या कडेचं पॅकिंग सारखं घसरत होतं. एका हाताने कव्हर दाबायचं, दुसऱ्याने पॅकिंग, आणि बोल्ट काय दातांनी लावायचा? मघाशी याच कामात त्याचा तास गेला होता. आता तास नव्हता.

"नाना!" तो इतक्या जोरात ओरडला की आईच्या हातातला चहा सांडला. "चाललात कुठे? हे कव्हर कोण धरणार?"

नाना थांबले. "मी?"

"नाहीतर काय मी शेठला बोलावू? या लवकर! पुढच्या दाराने या, आणि टेबल चुकवा, डोकं चुकवा, तो डबा चुकवा, अहो डबा!"

डबा लवंडलाच. नाना गाडीच्या बाजूला येऊन अवघडून उकिडवे बसले. या बाजूला ते कधी आलेच नव्हते. त्यांनी दोन्ही पंजे कव्हरवर ठेवले आणि उघड्या भागात डोकावून बघू लागले.

"हे फिरतं?"

"नंतर बघा. दाबा."

"या एवढ्या बेल्टवर सगळी गाडी चालते?"

"दाबा, नाना!"

आईने पाना आणून दिला. फिटरने बोल्ट हाताने लावले, वरचे आवळले, आणि त्याचा हात नीट न पोचणारा खालचा बोल्ट राहिला. "तो तुमच्याजवळ आहे. आवळा," त्याने पाना नानांच्या हातात दिला.

नानांनी पाना बोल्टवर बसवला. तो सरकला. पुन्हा बसवला, जोर लावला, आणि बोल्ट सुटून घरंगळत गाडीखाली गेला.

"उलटं! उलटं फिरवताय!" फिटरने डोकं धरलं. "तीस वर्षं पाने दिलेत तुम्ही, नाना!"

"दिले," नाना म्हणाले. "फिरवले कुठे?"

फिटरने त्यांच्याकडे बघितलं. म्हातारा थट्टा करत नव्हता. शेकडो हातांना त्यांनी हत्यार दिलं होतं, आणि ते घेऊन माणसं जाळीपलीकडे काय करतात, हे बघायला त्यांना कुणी आत बोलावलं नव्हतं. कारखान्यानेही नाही, आणि पोटच्या पोरानेही नाही. फिटर सिमेंटवर पालथा झाला, बोल्ट शोधला, पुसून नानांच्या तळव्यावर ठेवला.

"उजवीकडे फिरवायचं. घड्याळासारखं. आधी हाताने लावा, मग पाना. हं. आता जोर. बास. बास म्हटलं ना!"

"अजून फिरतोय."

"तुटेल! सोडा!"

"एक जरासा."

"नाना!"

गाडी एका बटणात सुरू झाली. सिस्टरने हेल्मेट चढवलं, चहाचा उरलेला घोट उभ्याउभ्या घेतला आणि म्हणाली, "पुढच्या महिन्यात ब्रेक बघायचेत. पण घरातली भांडणं आधी संपवून ठेवा बरं, मला दरवेळी इतका वेळ नसतो." तिच्या आजींकडे पोचण्याइतका उजेड अजून रस्त्यावर होता. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत दोघे दारात उभे राहिले.

"ब्रेक कसा उघडतात?" नानांनी विचारलं. त्यांच्या नखांत काळं तेल गेलं होतं आणि ते सारखी बोटं वळवून बघत होते.

"महिना आहे अजून."

"उघडशील तेव्हा मला बोलाव. बघेन."

"बघा. पण हात लावायचा नाही."

"लावणार," नाना म्हणाले.

फिटरने कपाळावर हात मारून घेतला, आणि हात ग्रीसचा आहे हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.